‘मी नुसतं इकतो’ : मासेमारीतलं बाईचं काम मोजायचं कुठं?

२२ एप्रिल २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. शेतकऱ्याला वीज, कर्ज, विमा यांत ज्या सवलती मिळतात, तशा मच्छीमाराला आणि मत्स्यशेतकऱ्यालाही मिळाव्यात, हा त्यामागचा हेतू. कोल्हापूरला समुद्र नाही, तरी ही बातमी आपल्या जिल्ह्याची आहे. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी, पंचगंगा, वारणा, दूधगंगा या नद्या, राधानगरी-काळम्मावाडीसारखी धरणं, गावोगावचे पाझर तलाव आणि अलीकडची शेततळी यांवर जगणारी घरं इथं पिढ्यान् पिढ्या आहेत.

निर्णय चांगलाच आहे. माझं अडलं ते ‘मच्छीमार’ या शब्दापाशी. मच्छीमार म्हणजे नेमकं कोण?

ज्यांच्याकडून आमच्या घरी वर्षानुवर्षं मासळी येते, त्या मावशींना मी एका रविवारी हेच विचारलं. बाजार ऐन भरात होता. त्यांच्या पुढ्यात टबात जिवंत मरळ वळवळत होती. त्यांनी एक उचलली, मूठभर राखेत घोळवली, पायाखाली दाबलेल्या विळीवर कल्ल्यापाशी धरली आणि बोलता बोलता तिचे तुकडे केले. राख कशाला, तर मरळ हातातून निसटते म्हणून. मी म्हटलं, “मावशी, तुम्ही मच्छीमारच की!” हात न थांबवता त्या म्हणाल्या, “मी कशाची मच्छीमार? मासं मालक धरत्यात. मी नुसतं इकतो.” मालक म्हणजे त्यांचा नवरा.

कोल्हापूरकडची बाई ‘मी येतो, मी जातो, मी इकतो’ असंच बोलते. क्रियापदात ती पुरुषाच्या बरोबरीला बसलेली असते. पण ‘नुसतं’ हा शब्द मात्र तिच्याच वाट्याला येतो. नवऱ्याला मी कधी ‘नुसतं धरतो’ म्हणताना ऐकलेलं नाही. हा लेख त्या ‘नुसतं’बद्दल आहे.

मासा धरला म्हणजे धंदा झाला का?

पाण्यातला मासा ताटात येईपर्यंत किती हात लागतात, ते आधी पाहू. या सगळ्या टप्प्यांना मिळून अभ्यासक ‘मूल्यसाखळी’ म्हणतात. प्रत्येक कडीला मालाची किंमत थोडी वाढते, म्हणून ते नाव. आपल्याला ही साखळी उसामुळे चांगली माहीत आहे : लागण, भांगलण, तोडणी, वाहतूक, गाळप. ‘साखर म्हणजे फक्त तोडणी’ असं कुणी म्हणणार नाही. मासेमारीत मात्र ‘मासेमारी म्हणजे फक्त जाळं’ असं सगळेच म्हणतात.

मावशींचा दिवस ऐका. पहाटे मालक ट्यूब आणि थर्माकोलच्या तराफ्यावर बसून रात्री लावलेली जाळी काढायला जातात. ते परत येईस्तोवर मावशींचा चहा, पाणी, पोरांचा डबा उरकलेला असतो. मग दोघं मिळून जाळ्यात अडकलेले मासे सोडवतात. हे किचकट काम आहे. चिलापीच्या पाठीवरचा काटा बोटात गेला की दोन-दोन दिवस ठणकतो. मासळी वेगळी करायची : कटला एकीकडे, रोहू-मृगळ एकीकडे, बारीक मासळी तिसरीकडे, मरळ आणि वाम टबात. मरळ हवेतूनही श्वास घेऊ शकते, त्यामुळं थोड्या पाण्यात ती तासन् तास जिवंत राहते आणि जिवंत मासळीला भाव जास्त येतो. टबातलं पाणी किती वेळानं बदलायचं, कुठली मरळ मलूल झाली म्हणून आधी खपवायची, हे मावशींना बघूनच कळतं.

बर्फ आणायचा, फोडायचा, थर भरायचे, टेम्पोत जागा धरायची. बाजारात बसून भाव करायचा, खवले काढायचे, पोट साफ करायचं, गिऱ्हाईक म्हणेल तसे तुकडे करायचे. घरची मासळी कमी निघाली तर व्यापाऱ्याकडून उधारीवर माल उचलायचा आणि संध्याकाळी त्याचा हिशोब चुकता करायचा. दुपारी उरलेल्या मालाचं काय करायचं, हेही त्यांनीच ठरवायचं. घरी परतल्यावर रात्री टीव्हीसमोर बसून फाटलेल्या जाळ्याची घरं सांधायची. नायलॉनचं जाळं खेकड्यानं कुरतडलं की एकेक घर हातानंच भरावं लागतं.

आता यातलं ‘नुसतं विकणं’ कोणतं?

हे काम बायकांकडंच का आलं?

याला अभ्यासक लिंगाधारित श्रमविभागणी म्हणतात. सोप्या भाषेत, हे काम बाईचं आणि ते पुरुषाचं, ही समाजानं पाडलेली वाटणी. ताकदीवरून ती पडली असेल, असं आपल्याला वाटतं. रात्रीचं खोल पाणी, ओलं जड जाळं ही कारणं एका मर्यादेपर्यंत खरीही आहेत. पण जरा बाहेर बघितलं की ही वाटणी ठिकाणागणिक बदलताना दिसते. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर ‘हेन्यो’ बायका प्राणवायूची नळकांडी न लावता समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढतात. त्यांच्या या परंपरेची नोंद युनेस्कोनं २०१६ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. तमिळनाडूत मन्नारच्या आखातात बायका बुडी मारून समुद्री शेवाळ गोळा करतात. फार लांब कशाला, घाट उतरून रत्नागिरीकडं गेलात तर खाडीच्या चिखलात गुडघाभर उभ्या राहून तिसऱ्या आणि कालवं असे शिंपल्यातले जीव काढणाऱ्या बायकाच दिसतील. पाण्यात उतरून जीव बाहेर काढणं ही मासेमारीच आहे. तिला मात्र आपण ‘तिसऱ्या गोळा करणं’ म्हणतो.

म्हणजे वाटणी नुसती कामाची झालेली नाही, नावाचीही झाली आहे. पुरुषानं केलं की मासेमारी, बाईनं केलं की गोळा करणं, निवडणं, विकणं, मदत करणं.

आपल्याकडं याचं सगळ्यात जवळचं उदाहरण दुधाचं. म्हशीला वैरण टाकणारी, शेण काढणारी, धार काढणारी बहुतेक घरांत बाईच. डेअरीत घागर घेऊन जाणारा पोरगा, आणि दुधाचं पुस्तक घरधन्याच्या नावावर. दहा दिवसांचं बिल त्याच नावावर जमा होतं. जनावराला कर्ज काढायचं तर बँक तेच पुस्तक मागते. मासळीत तर असं पुस्तकही नाही.

आकडे काय सांगतात?

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना दर दोन वर्षांनी जगाच्या मत्स्यव्यवसायाचा अहवाल काढते. २०२४ च्या अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत. जिथं स्त्री-पुरुष वेगळे मोजले गेले, तिथं मासे धरणाऱ्या आणि मत्स्यशेती करणाऱ्यांत बायका २४ टक्के निघाल्या. मासा पाण्याबाहेर आल्यानंतरच्या कामांत, म्हणजे साफ करणं, सुकवणं, प्रक्रिया, विक्री यांत, त्या ६२ टक्के होत्या.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. तुम्ही साखळी जाळ्यापाशी तोडलीत, तर शंभरात २४ बायका दिसतात. पुढच्या कड्यांकडं गेलात, तर ६२. धंदा दोन्ही वेळी तोच आहे. फरक आपण कुठं उभं राहून मोजतो, एवढ्यापुरता आहे. २०२३ मध्ये छोट्या प्रमाणावरच्या मासेमारीवर एक मोठा जागतिक अभ्यास आला. त्यात घरच्या जेवणासाठी मासे धरणं आणि मासेमारीच्या आधीची-नंतरची कामं धरून हिशोब केला, तर दर दहा माणसांत चार बायका निघाल्या.

भारतात ही गळती कशी होते, तेही पाहण्यासारखं आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात प्रत्येक माणसाला त्याच्या कामाप्रमाणं एक संकेतांक मिळतो. स्वतःचा धंदा करणाऱ्याला ११. घरच्या धंद्यात पगार न घेता राबणाऱ्याला २१. फक्त घरकाम करणाऱ्याला ९२. आता पाहणी करणारा कर्मचारी दारात आला आणि मावशींना किंवा मालकांना विचारलं, “ह्या काय करतात?” तर उत्तर काय येणार? “काय न्हाई, घरातच असत्यात, जरा हातभार लावत्यात.” कर्मचाऱ्यानं पुढं खोदून विचारलं तर त्या २१ मध्ये जातील. नाही विचारलं तर ९२ मध्ये. आणि खरं तर त्या ११ आहेत, कारण माल उचलायचा किती, भाव किती आणि उधारी कुणाला, हे सगळं त्याच ठरवतात. एका प्रश्नाच्या फरकानं एक व्यापारी बाई ‘घरकाम करणारी’ होऊन जाते.

घरकामाचा भार वेगळाच. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. २८९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास. मावशींचा बाजार या पाच तासांच्या वर आहे.

नाव नसलं म्हणून काय बिघडतं?

सरकारी योजना माणसाला ओळखत नाहीत, नोंदीला ओळखतात. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आहे : मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, दवाखान्यासाठी २५ हजार. हा विमा फक्त जाळं टाकणाऱ्याला नाही, मत्स्यव्यवसायाला जोडलेली कामं करणारेही त्यात बसतात. म्हणजे मावशी बसतात. पण नोंदणी असेल तरच.

दुसरं, बंदीच्या काळातली मदत. पावसाळ्यात मासे विणीला येतात, तेव्हा मासेमारी थांबवायची असते. समुद्रात महाराष्ट्राची बंदी १ जून ते ३१ जुलै. या काळासाठी पात्र मच्छीमार कुटुंबानं १,५०० रुपये बचत करायची आणि सरकारनं ३,००० घालायचे, अशी सोय आहे. ही मदत जोडलेली आहे ती मासेमारी बंद असण्याच्या काळाशी. आता विकणारीच्या बाजूनं बघा. जून-जुलैत कोकणातून घाट चढून येणारी मासळी जवळजवळ थांबते आणि नदी-धरणावरचीही आटते. बंदी उठते न उठते तोच श्रावण येऊन ठेपलेला असतो, आणि आपल्याकडं श्रावणात बऱ्याच घरांत मासळी शिजत नाही. पुढं गणपती, मग नवरात्र. शिवाय एरवीही सोमवार, गुरुवार, शनिवार मोकळेच जातात. जाळ्याची बंदी संपली तरी पाटीची बंदी संपत नाही, आणि त्या दुसऱ्या बंदीला कुठल्याच कागदावर जागा नाही. बाजारात रोज बसणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

तिसरं, किसान क्रेडिट कार्ड. २०१८-१९ पासून ते मत्स्यव्यवसायालाही लागू आहे आणि पात्र लोकांच्या यादीत महिला गटांचा स्पष्ट उल्लेख आहे. पण त्यासाठी तळं, टाकी, होडी असं काहीतरी मालकीचं किंवा भाडेपट्ट्यानं लागतं. मावशींकडं यातलं काही नाही. त्यांची सगळी मालमत्ता म्हणजे विळी, दोन टब, तागडी आणि चाळीस वर्षांची ओळख. मग त्या कर्ज कुठून घेतात? ओळखीच्या व्यापाऱ्याकडून. आणि व्यापाऱ्याची उचल घेतली की माल त्याच्याकडूनच, त्याच भावानं घ्यावा लागतो.

एका बर्फाच्या पेटीचा हिशोब

हे फार मोठं वाटत असेल तर एक लहान हिशोब मांडून बघू. आकडे नुसते समजण्यापुरते धरा.

समजा, एका बाईनं २० किलो कटला १५० रुपये किलोनं उचलला. झाले ३,०००. सकाळी १५ किलो २०० रुपयांनी गेला, आले ३,०००. दुपारपर्यंत बर्फ वितळला, उरलेला ५ किलो १२० नं काढावा लागला, आले ६००. बर्फ, टेम्पो आणि जागेची पावती मिळून २८० गेले. दिवसाची कमाई ३२० रुपये. तेच जर जाड भिंतीची चांगली पेटी असती, तर संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या गिऱ्हाइकाला तो ५ किलो १८० नं गेला असता आणि कमाई झाली असती ६२०. राबणं तेवढंच, माल तेवढाच. फरक पेटीचा.

मत्स्यसंपदा योजनेत बर्फपेटी बसवलेल्या सायकली, मोटारसायकली आणि तीनचाकी गाड्यांना अनुदान आहे. पण मोटारसायकल चालवणार कोण? ज्या बाईला गाडी येत नाही तिच्या नावावर गाडी घेतली, तर किल्ली दुसऱ्याच्या खिशात जाणार. तिला हवी आहे ती बाजारातल्या ओट्याशेजारी बसेल अशी पेटी. आणि नळ. आणि जवळ स्वच्छतागृह. दिवसभर बसायचं म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत, त्यांच्या पायांवर सूज असते. मासळी बाजाराचा आराखडा करताना सांडपाण्याची गटार कुठं काढायची याची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण तिथं आठ-आठ तास बसणारी माणसं कोण आहेत, हेही आराखड्यात दिसायला हवं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका असाव्यात, अशी तरतूद आहे. मासळीवालीनं ही मागणी करायची तर ती जागा आधीपासून आहे.

शेततळ्यातली मत्स्यशेती बाईला जास्त जमेल, असं म्हणतात. खरं आहे का?

बरंचसं खरं आहे, पण त्यात एक मेख आहे.

आधी पद्धत समजून घेऊ. कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात आपोआप वीत नाहीत, त्यांना वाहत्या पुराचं पाणी लागतं. म्हणून बीज केंद्रावरून बीज आणावं लागतं. अगदी कोवळ्या पिलांना ‘मत्स्यजिरे’ म्हणतात, दिसतात खरोखर जिऱ्यासारखी. ती वाढून बोटाएवढी झाली की ‘बोटुकली’. ती तळ्यात सोडायची. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकाच घरात माळ्यावर, मधल्या खोलीत आणि तळघरात तीन कुटुंबं राहावीत तसं, कुणाची कुणाला अडचण नाही. खाद्य वेळेवर टाकायचं, पाण्याचा रंग बघायचा, महिन्यातून एकदा जाळं फिरवून वाढ तपासायची.

यात सगळ्यात धोक्याची वेळ पहाटेची. दिवसा पाण्यातलं हिरवं शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं. रात्री ऊन नसतं, प्राणवायू तयार होत नाही, पण मासे आणि शेवाळ दोघंही तो वापरत राहतात. लग्नाच्या हॉलची दारं-खिडक्या लावून रात्रभर माणसं आत ठेवावीत, तसं. सूर्य उगवायच्या आधी प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की समजायचं, तासाभरात काही केलं नाही तर मेलेल्या माशांनी तळं पांढरं होईल. त्या वेळी ताजं पाणी सोडायचं किंवा हवा घालायचं यंत्र चालू करायचं.

आता सांगा, शेतातल्या वस्तीवर पहाटे पाचला कोण जागं असतं? धारा काढायला उठलेली बाई. मासे वर आलेले ती आधी बघणार. आणि तळ्याच्या प्रशिक्षणाला तालुक्याला कोण जातं? तिचा नवरा. ही मेख. जिला बघायचं आहे तिला काय बघायचं ते शिकवलेलं नाही, आणि जो शिकून आलाय तो त्या वेळी तिथं नसतो. प्रशिक्षण गावात, दुपारच्या मोकळ्या दोन तासांत आणि तळ्याच्या काठावर झालं, तर निम्मी मरतूक टळेल, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी मेख अनुदानाची. मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के अनुदान मिळतं आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के. त्यामुळं अर्ज बायकोच्या नावानं भरायचा आणि व्यवहार सगळा आपण करायचा, ही वाट काही घरांत सापडली आहे. सातबारा सासऱ्याच्या नावावर, बँकेचं पुस्तक कपाटात, आणि सही तेवढी तिची. हे वाईटच आहे. तरी मी म्हणेन, नाव लागू द्या. कागदावर आलेलं नाव कोरडं राहत नाही. बँकेचा माणूस फोन तिला करतो, तपासणीला आलेला अधिकारी प्रश्न तिला विचारतो, आणि एक दिवस ती हिशोबाची वही मागते.

ओडिशात ग्रामपंचायतींची तळी महिला बचत गटांना मत्स्यशेतीसाठी भाडेपट्ट्यानं दिली आहेत. तिथं जमीन कुणाच्या नावावर हा प्रश्नच येत नाही, कारण तळं गावाचं. आपल्याकडं गावतळी आहेत, पाझर तलाव आहेत आणि बचत गट तर गल्लोगल्ली आहेत. निदान बोटुकली वाढवून मोठ्या तळ्यांना विकण्याचं, कमी महिन्यांचं काम तरी गटांना सहज जमेल.

लोक काय विचारतात

“अहो, पैसा शेवटी एकाच घरात येतो ना? मग नाव कुणाचं का असेना!” सगळं सुरळीत असतं तोवर हे बरोबर वाटतं. पण घरधनी अचानक गेला तर? मच्छीमार सोसायटीतलं सभासदत्व त्याच्या नावावर, तलावाचा ठेका सोसायटीचा. बाईनं तीस वर्षं त्याच तलावाची मासळी विकलेली असते, तरी सोसायटीच्या दारात ती नवीन माणूस म्हणून उभी राहते. वारस म्हणून नोंद होते, पण त्यासाठी कागद हिंडवावे लागतात, आणि सोसायटीत ‘ही काय जाळं टाकणार?’ हा प्रश्न येतोच. सहकार कायद्यानं संस्थेच्या समितीत बायकांसाठी दोन जागा राखून ठेवल्या आहेत. पण सभासदच बायका नसतील तर त्या जागांवर बसणार कोण?

“पाण्यात जीव धोक्यात घालतो तो पुरुष. त्याला मान नको?” हवाच. पंचगंगेला पूर आला आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीवर गेलं की वेढ्यातल्या माणसांना काढायला नदीची नस ओळखणारी हीच माणसं लागतात. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेला कोल्हापूरकर हे विसरणार नाही. बाईचं काम मोजल्यानं त्याचं काम कमी होत नाही. धोका मात्र बाजारातही आहे : माशाच्या काट्यानं चिघळलेली बोटं, दिवसभर ओल्यात राहून पायांना झालेल्या चिखल्या, उकिडवं बसून गेलेले गुडघे. या धोक्यात एका झटक्यात कुणी दगावत नाही, म्हणून तो दिसत नाही.

“प्रदूषणानं नदीतला मासाच मरतोय, तिथं बाई-पुरुष कुठं काढताय?” पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच हे दर एक-दोन वर्षांनी दिसणारं चित्र आहे. मळीमिश्रित आणि रासायनिक सांडपाणी आलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. त्या दिवशी जाळं टाकणाऱ्याचं नुकसान होतंच. पण त्यानंतर कितीतरी दिवस गिऱ्हाईक बाजारात येऊन विचारतं, “नदीचा हाय काय?” आणि पुढं निघून जातं. मासळी धरणाची असली, शेततळ्याची असली तरी. हे नुकसान पाटीवर बसलेल्या बाईचं. पंचनामा नदीकाठी होतो, बाजारात होत नाही. म्हणून प्रदूषणाच्या प्रश्नातही तिला वेगळं मोजावं लागतं.

“बायकाच पुढं येत नाहीत.” हा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागतो, कारण मावशी स्वतः ‘नुसतं इकतो’ म्हणाल्या होत्या. पण ज्या कामाला आयुष्यात कुणी काम म्हटलं नाही, त्याची नोंद करा म्हणून ती मागायला कशी जाईल?

मग नोंद होते तरी कुठं?

केंद्रानं सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंच सुरू केला. त्यावर मासे धरणारे, मत्स्यशेती करणारे, या क्षेत्रातले कामगार आणि विक्रेते अशा सगळ्यांना नोंद करता येते. इथून पुढं विमा, कर्ज आणि अनुदानाचे बरेच रस्ते या नोंदीवरून जाणार आहेत. आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल सोबत ठेवावा. गावातल्या सेवा केंद्रात हे काम होतं. बसून विकणाऱ्या बाईनं जोडीला महापालिकेकडं किंवा नगरपालिकेकडं पथविक्रेता म्हणूनही नोंद करून घ्यावी, कारण खेळत्या भांडवलासाठी २०२० पासून असलेली, केंद्राच्या पीएम स्वनिधी योजनेतली कर्जं त्या नोंदीवर मिळतात.

गेल्या महिन्यात मी हे सगळं मावशींना सांगितलं. त्यांनी विळी बाजूला सारली, हात धुतले, पदराला पुसले आणि सगळ्यात आधी एकच विचारलं : “माझं नाव घातलं तर मालकांचं निघंल काय?”

मी सांगितलं, निघणार नाही. नोंद माणसागणिक होते, घरागणिक नाही. दोघांची दोन नावं लागतात.

“मग घाल,” त्या म्हणाल्या. “पण बुधवारी ये. आज गिऱ्हाईक हाय.”